तळाचा नकाशा आणि पाण्याचा हिशेब : जलाशयाचे खोलीमापन, नाथसागराच्या विशेष संदर्भात

गोषवारा

जलाशयातील पाणी प्रत्यक्ष मोजले जात नाही. मोजली जाते ती केवळ पाण्याची पातळी, आणि त्या पातळीवरून तक्त्याच्या आधारे साठा ठरवला जातो. हा तक्ता जलाशयाच्या तळाच्या आकारावर अवलंबून असतो. तळावर गाळ साचत गेला की जुना तक्ता हळूहळू असत्य होऊ लागतो. प्रस्तुत लेखात खोलीमापनाची संकल्पना, पद्धती व त्यातील त्रुटी यांचे विवेचन करून गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागर जलाशयाच्या संदर्भात त्याचे व्यवस्थापकीय महत्त्व स्पष्ट केले आहे. तसेच लहान तलावांच्या खोलीमापनात महाविद्यालयांना कोणते कार्य करता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : खोलीमापन, समखोली रेषा, क्षमता-तक्ता, मृतसाठा, उपयुक्त साठा, गाळसंचय, समन्यायी पाणीवाटप.

१. प्रस्तावना

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून रोज धरणांच्या साठ्याची टक्केवारी प्रसिद्ध होते. ती वाचून शेतकरी रब्बीचे नियोजन करतो, नगरपालिका पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक ठरवते आणि प्रशासन टंचाईची पूर्वतयारी करते. परंतु ही टक्केवारी येते कोठून, याचा विचार सहसा केला जात नाही. धरणावरील कर्मचारी मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचतो आणि तक्त्यात त्या पातळीसमोर लिहिलेला साठा नोंदवतो. म्हणजे जे मोजले जाते ते पाण्याचे वरचे टोक होय. खालचे टोक, म्हणजे जलाशयाचा तळ, पूर्वी केव्हातरी झालेल्या मोजणीवरून गृहीत धरलेला असतो.

घरातील हौदाच्या बाबतीत हे गृहीतक निर्धोक असते, कारण हौदाचा तळ बदलत नाही. नदीवरील जलाशयाचे तसे नाही. प्रत्येक पुराबरोबर पाणलोट क्षेत्रातील माती वाहून येते, पाण्याचा वेग मंदावताच खाली बसते आणि तळ वर येतो. पातळी तीच राहते, पण तिच्याखालील पाणी कमी झालेले असते. हा फरक वरून दिसत नाही. म्हणूनच ठरावीक कालावधीने तळाचा नकाशा नव्याने तयार करणे हे जलव्यवस्थापनाचे पायाभूत काम ठरते.

२. संकल्पना व पूर्वपीठिका

जलाशयाच्या अथवा सरोवराच्या निरनिराळ्या बिंदूंवर खोली मोजून तळाचा उंचसखलपणा नकाशावर दाखवणे, याला खोलीमापन म्हणतात. भूपृष्ठाच्या नकाशावर जशा समोच्च रेषा असतात, तशाच या नकाशावर समान खोलीचे बिंदू जोडणाऱ्या समखोली रेषा असतात. रेषा दाट असतील तेथे तळाचा उतार तीव्र, विरळ असतील तेथे तो मंद असतो.

सरोवरांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला गेला. स्वित्झर्लंडमधील फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी जिनीव्हा सरोवराचा दीर्घकाळ अभ्यास करून सरोवरविज्ञान ही स्वतंत्र ज्ञानशाखा रूढ केली. स्कॉटलंडमध्ये सर जॉन मरे व लॉरेन्स पुलर यांच्या पुढाकाराने १८९७ ते १९०९ या काळात ५६२ सरोवरांचे खोलीमापन झाले आणि त्याचे अहवाल १९१० मध्ये खंडरूपाने प्रसिद्ध झाले. त्या सर्वेक्षणात होडीतून वजन बांधलेली तार तळापर्यंत सोडून एकेका बिंदूची खोली मोजण्यात आली. पुढे ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोली मोजण्याचे तंत्र विकसित झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे मोजणीचा बिंदू नेमका कोठे आहे, हे सांगणेही सोपे झाले.

नैसर्गिक सरोवर व धरणाचा जलाशय यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सरोवराचा सर्वांत खोल भाग बहुधा मध्याकडे असतो. जलाशयाचा तळ मात्र मुळात नदीचे खोरे असल्यामुळे खोली धरणाच्या भिंतीकडे वाढत जाते आणि जुने नदीपात्र तळातून वळणे घेत जाते. खोलीमापनाची आखणी करताना या आकाराचे भान ठेवावे लागते.

३. सर्वेक्षणाची पद्धती

आधुनिक सर्वेक्षणात होडीवर बसवलेले इको साउंडर हे उपकरण ध्वनीचा स्पंद तळाकडे पाठवते आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजते. ध्वनीचा पाण्यातील वेग व हा वेळ यांच्या गुणाकाराची निम्मी किंमत म्हणजे खोली होय. ध्वनीला जाऊन परत यावे लागत असल्याने निम्मी किंमत घेतली जाते. त्याच क्षणी उपग्रह-स्थाननिश्चिती यंत्र होडीचे अक्षांश-रेखांश नोंदवते. अशा हजारो बिंदूंच्या नोंदींतून तळाचे प्रारूप उभे राहते.

तत्त्व साधे असले तरी अचूकतेसाठी काही काळज्या अनिवार्य ठरतात.

पहिली काळजी ध्वनिवेगाची. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर, तर ३० अंशांना सुमारे १,५०९ मीटर असतो. हा फरक जवळपास १.८ टक्के आहे. हिवाळ्यातील मोजणीसाठी उन्हाळ्याचा वेग वापरला, तर १५ मीटर खोलीवर सुमारे २७ सेंटिमीटरची चूक होऊ शकते. यासाठी होडीखाली ठरावीक खोलीवर धातूची पट्टी लोंबकळत ठेवून उपकरण तीच खोली दाखवते की नाही, हे कामाच्या आरंभी व अखेरीस तपासले जाते.

दुसरी काळजी पातळीची. होडीतून मिळणारी खोली त्या दिवशीच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलेली असते. जलाशयाची पातळी रोज बदलते. त्यामुळे प्रत्येक दिवसाच्या पातळीतून खोली वजा करून तळाची उंची समुद्रसपाटीपासून काढावी लागते. उपकरणाचे टोक पाण्याखाली जितके बुडालेले असेल, तेवढे अंतरही खोलीत मिळवावे लागते.

तिसरी काळजी मऊ गाळाची. महाराष्ट्राच्या बेसाल्टी प्रदेशातील काळ्या मातीचा सूक्ष्म गाळ तळाशी दीर्घकाळ अर्धप्रवाही अवस्थेत राहतो. उच्च वारंवारितेचा ध्वनी या गाळाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतो, तर कमी वारंवारितेचा ध्वनी त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. म्हणून दोन वारंवारितांचे उपकरण वापरल्यास तळ आणि मऊ गाळाची जाडी या दोहोंचा अंदाज येतो.

चौथी बाब मोजणी-रेषांमधील अंतराची. होडी साधारणतः जुन्या नदीपात्राला काटकोनात समांतर रेषांवरून नेली जाते. ३५० चौ. किमी. क्षेत्रावर २५० मीटर अंतराने रेषा आखल्यास एकूण प्रवास सुमारे १,४०० किमी. होतो. ताशी ६ किमी. वेगाने त्यास सुमारे २३३ तास लागतात. अंतर १०० मीटर केल्यास प्रवास ३,५०० किमी. होतो. म्हणजे तपशील, वेळ व खर्च यांचा मेळ घालणे हा नियोजनाचाच भाग आहे.

होडीच्या सर्वेक्षणाला पूरक म्हणून उपग्रह-प्रतिमांचा वापर केला जातो. निरनिराळ्या पातळ्यांना पाण्याचा फैलाव किती आहे, हे प्रतिमांवरून मोजून दोन पातळ्यांमधील साठा काढता येतो. २०१४ पासून कार्यरत झालेल्या सेंटिनेल-१ मालिकेतील रडार उपग्रह पावसाळी ढगांतूनही पाण्याची सीमा टिपतात. ही पद्धत जलद व स्वस्त आहे, मात्र तिची मर्यादा मूलभूत आहे. प्रतिमा घेतलेल्या काळात पाणी ज्या किमान पातळीपर्यंत उतरले, तिच्याखालील तळाविषयी उपग्रह काहीही सांगू शकत नाही. मृतसाठ्यात किती गाळ आहे, हे जाणण्यासाठी पाण्यावर होडी घालणेच भाग असते.

४. नकाशापासून क्षमता-तक्त्यापर्यंत

समखोली रेषांचा नकाशा तयार झाल्यावर प्रत्येक रेषेने वेढलेले क्षेत्रफळ मोजतात. लगतच्या दोन रेषांची क्षेत्रफळे क१ व क२ आणि त्यांमधील उभे अंतर उ असेल, तर त्या थरातील घनफळ काढण्यासाठी क१, क२ आणि क१ × क२ चे वर्गमूळ या तिघांची बेरीज करून तिला उ ने गुणतात व ३ ने भागतात.

उदाहरणादाखल एखादा छोटा गावतलाव घ्यावा. त्याची कमाल खोली ३ मीटर आहे आणि तळापासून १, २ व ३ मीटर उंचीवर पाण्याचा फैलाव अनुक्रमे २, ५ व ९ हेक्टर आहे असे मानू. वरील सूत्रानुसार सर्वांत खालच्या थरात ०.६७, मधल्या थरात ३.३९ आणि वरच्या थरात ६.९० हेक्टर-मीटर पाणी येते. एकूण साठा १०.९६ हेक्टर-मीटर, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार घनमीटर होतो.

या साध्या गणितातून दोन गोष्टी लक्षात येतात. तलाव ३ मीटर खोल असला तरी त्याची सरासरी खोली केवळ १.२२ मीटर आहे. दुसरे असे की, पाणी एक मीटरने उतरले म्हणजे एकतृतीयांश संपले, हा सर्वसामान्य समज येथे साफ चुकतो. वरच्या एका मीटरमध्येच ६३ टक्के पाणी असते. पातळी एकतृतीयांशाने खाली आली, तेव्हा साठा जवळपास दोनतृतीयांशाने घटलेला असतो. तलावाच्या आकाराचे ज्ञान नसताना केवळ पातळीवरून केलेले नियोजन फसते, ते यामुळेच.

५. नाथसागर : उथळ पसरलेला जलाशय

पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संत एकनाथांच्या नावावरून त्याच्या जलाशयास नाथसागर म्हणतात. धरणाची लांबी सुमारे १० किमी. असून पाणलोट क्षेत्र २१ हजार चौ. किमी.हून अधिक आहे. पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९१ मीटर आहे. प्रकल्पाचा मूळ संकल्पित एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यापैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा आणि ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा धरण्यात आला. टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांत, हे आकडे अनुक्रमे सुमारे १०२.७, ७६.७ व २६.१ होतात.

पूर्ण भरल्यावर जलाशयाचा फैलाव सुमारे ३५० चौ. किमी. असतो. एकूण साठ्यास या क्षेत्राने भागले असता सरासरी खोली ८ मीटरच्या आसपास येते. एवढ्या विस्तीर्ण जलाशयास ही खोली अल्प आहे. सह्याद्रीतील दऱ्यांत बांधलेल्या धरणांचे जलाशय अरुंद व खोल असतात. नाथसागर मात्र पठारावरील सपाट खोऱ्यात पसरला आहे. या आकाराचे परिणाम दूरगामी आहेत. पाण्याच्या घनफळाच्या तुलनेत पृष्ठभाग मोठा असल्यामुळे बाष्पीभवनाचा वाटा मोठा राहतो. पातळी थोडी उतरली तरी काठावरील मोठे क्षेत्र उघडे पडते आणि त्यावर गाळपेर होते.

याच आकारामुळे पातळीतील वा तळातील लहानशी चूकही साठ्यात मोठी होऊन उमटते. जलाशय पूर्ण भरलेला असताना १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ३५ दशलक्ष घनमीटर, अर्थात सुमारे १.२४ टीएमसी होय. हाताच्या वीतभराहूनही कमी असलेल्या या उंचीत एखाद्या मध्यम प्रकल्पाएवढे पाणी मावते.

६. गाळ कोठे साचतो

धरणांचे संकल्पन करताना तळाशी मृतसाठा राखून ठेवला जातो. येणारा गाळ तेथेच जाऊन बसेल आणि वरचा उपयुक्त साठा दीर्घकाळ अबाधित राहील, अशी पूर्वीची सर्वसाधारण धारणा होती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. नदी जलाशयात शिरताच तिचा वेग मंदावतो आणि वाळू व जाड कण जलाशयाच्या मुखापाशीच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पट्ट्यात, त्रिभुज प्रदेशासारखे साचतात. सूक्ष्म कण मात्र धरणाच्या भिंतीकडे वाहत जाऊन मृतसाठ्यात बसतात. जलाशयाची क्षमता व वार्षिक येवा यांच्या गुणोत्तरावरून किती गाळ अडकेल, हे दर्शवणारा आलेख गनर ब्रून यांनी १९५३ मध्ये मांडला. साचलेला गाळ निरनिराळ्या पातळ्यांवर कसा विभागला जातो, याची पद्धत बोरलँड व मिलर यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत दिली. मात्र या पद्धती अंदाज देतात. खरे काय घडले, हे खोलीमापनच सांगते.

२०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळी वर्षांत नाथसागराचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर विसंबण्याची वेळ आली. छत्रपती संभाजीनगर शहराचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते. अशा प्रसंगी मृतसाठ्यातील प्रत्यक्ष पाणी किती आणि त्यातील गाळ किती, हा प्रश्न थेट नळाच्या पाण्याशी जोडला जातो. तक्त्यात ७३८ दशलक्ष घनमीटर लिहिले आहे, एवढ्यावर शहराला पाणी मिळत नाही. उपशाच्या विहिरीपर्यंत पाणी आणणारे खोल पात्र गाळाने भरले आहे की मोकळे आहे, हे नकाशावरूनच कळते.

७. टक्केवारी आणि न्याय

खोलीमापनाचा सर्वांत संवेदनशील संबंध पाणीवाटपाशी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) मध्ये असे तत्त्व आहे की, ऑक्टोबरअखेर उपखोऱ्यातील सर्व जलाशयांत वापरण्यायोग्य पाण्याची टक्केवारी, खरिपातील वापर धरून, शक्यतो सारखी असावी. नाथसागराच्या वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे इत्यादी धरणे आहेत. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला असल्यास वरून पाणी सोडण्याची गरज नाही, असा निकष सुचवला. समन्यायी वाटपाचे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उचलून धरले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीत सोडण्याचा आदेश निघाला आणि त्यावरून दोन्ही विभागांत तीव्र वाद झाला.

या वादात दोन्ही बाजूंनी टक्केवारीचा आधार घेतला जातो. परंतु टक्केवारी म्हणजे एक भागाकार आहे. अंश म्हणजे आजचा साठा आणि छेद म्हणजे जलाशयाची उपयुक्त क्षमता. हे दोन्ही आकडे तळाच्या नकाशावरून येतात. गाळामुळे या दोहोंवर काय परिणाम होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल.

उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दशलक्ष घनमीटर. जुन्या तक्त्यानुसार एवढा साठा दर्शवणारी पातळी गाठली गेली, असे मानू. मात्र मृतसाठ्याची पातळी व ही पातळी यांमधील पट्ट्यात १०० दशलक्ष घनमीटर गाळ साचला असेल, तर प्रत्यक्ष पाणी १,३११ दशलक्ष घनमीटरच असेल. मूळ क्षमतेच्या तुलनेत ते ६०.४ टक्के होते. कागदावर निकष पूर्ण झाला, पण मराठवाड्याच्या वाट्यात सुमारे ३.५ टीएमसीची तूट राहिली.

आता दुसरी बाजू पाहावी. नव्या सर्वेक्षणानंतर छेदातील क्षमताही कमी करून २,०७१ दशलक्ष घनमीटर धरली, तर तिचे ६५ टक्के १,३४६ दशलक्ष घनमीटर होतात. म्हणजे निकष गाठण्यासाठी पूर्वीपेक्षा कमी पाणी पुरते आणि वरच्या धरणांवरील भार हलका होतो. अंश सुधारला तर खालच्यांना लाभ होतो, छेद सुधारला तर वरच्यांना. एकच सुधारून दुसरा जुना ठेवणे कोणत्याही बाजूला न्याय्य वाटणार नाही. शिवाय वरची धरणेही गाळापासून मुक्त नाहीत. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ते जायकवाडीहून अर्धशतकाने जुने आहे. त्यांची टक्केवारी जुन्या क्षमतेवर आणि जायकवाडीची नव्या क्षमतेवर काढली, तर तुलनाच विषम ठरते.

यावरून एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. समन्यायी वाटपासाठी एकाच उपखोऱ्यातील सर्व जलाशयांचे खोलीमापन एकाच पद्धतीने, शक्य तेवढ्या जवळच्या कालावधीत आणि एकाच संदर्भपातळीवर व्हावयास हवे. त्याचे क्षमता-तक्ते दोन्ही बाजूंच्या पाणी वापरकर्त्यांना पाहण्यास खुले असावेत. वाद त्यामुळे संपणार नाही, कारण पाणी किती द्यावे हा धोरणाचा प्रश्न आहे. मात्र पाणी किती आहे, याविषयी तरी दुमत राहणार नाही.

जुन्या व नव्या नकाशांच्या तुलनेतही सावधगिरी हवी. धरण बांधण्यापूर्वीचे नकाशे जमिनीवरील पातळीमापनाने, विरळ बिंदूंवरून तयार झालेले असतात. दोन नकाशांतील संपूर्ण फरक गाळाचाच असतो असे नाही. काही भाग जुन्या मोजणीच्या स्थूलपणाचा असू शकतो. म्हणून गाळाचा वेग ठरवताना एकाच पद्धतीने झालेली दोन आधुनिक सर्वेक्षणे अधिक विश्वसनीय मानावीत. दुष्काळ ही यासाठी एक संधीही आहे. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या तळाचे जमिनीवरून थेट मापन करता येते आणि जलाशय भरल्यावर त्याच भागावर होडी नेऊन ध्वनिमापनाची पडताळणी घेता येते.

८. गाळ काढावा की रोखावा

गाळाचा विषय निघाला की तो काढून टाकावा, ही सूचना सर्वप्रथम पुढे येते. खोलीमापन या सूचनेला संख्येची चौकट देते. १०० दशलक्ष घनमीटर गाळ काढावयाचा असेल आणि एका टिपरमध्ये १० घनमीटर मावत असेल, तर १ कोटी खेपा लागतील. दररोज १,००० खेपा केल्या तरी १० हजार दिवस, म्हणजे २७ वर्षांहून अधिक काळ जाईल. तोपर्यंत नवा गाळ येतच राहील. महाकाय जलाशयात सरसकट गाळ उपसण्यापेक्षा उपशाच्या विहिरी, विमोचके व मुखाजवळचा पट्टा अशा निवडक जागी काम करणे आणि पाणलोट क्षेत्रात मृदसंधारण करणे, हे अधिक शहाणपणाचे ठरते. कोणत्या उपनदीच्या मुखाशी गाळ वेगाने वाढतो आहे, हे नकाशा दाखवतो आणि मृदसंधारणाचा अग्रक्रम त्यावरून ठरवता येतो.

गावतलावाचे गणित वेगळे आहे. १० हजार घनमीटर गाळ म्हणजे केवळ १,००० खेपा. एका उन्हाळ्यात हे काम होऊ शकते आणि तो गाळ हलक्या जमिनीत टाकल्यास तिचा कस व ओल धरण्याची क्षमता वाढते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच विचारावर उभी आहे. तथापि खोदण्यापूर्वी तळाचा नकाशा नसेल, तर किती गाळ निघाला, हे खेपा मोजूनच सांगावे लागते. गाळाखालचा मूळ मुरूम किंवा चिकणमातीचा थर खोदला गेल्यास तलाव गळका होण्याचाही धोका असतो.

९. परिसंस्थेचा आकार

तळाचा आकार केवळ साठा ठरवत नाही, तर जीवसृष्टीही ठरवतो. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, पाणवनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात आणि पाणपक्ष्यांना अन्न मिळते. नाथसागर परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, त्यामागे त्याचे विस्तीर्ण उथळ काठ हे एक प्रमुख कारण आहे. याच गोदावरीवर, वरच्या अंगास, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नांदूर मध्यमेश्वर बंधारा गाळाने भरत गेला. सिंचनाच्या दृष्टीने ती हानी होती. परंतु त्या गाळाच्या बेटांवर व दलदलीत पक्ष्यांचे समृद्ध आश्रयस्थान निर्माण झाले आणि २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. अशा ठिकाणी गाळ हटवण्याचा निर्णय केवळ घनमीटरांत घेता येत नाही. कोणता भाग खोल करावा आणि कोणता उथळच राहू द्यावा, याची आखणी समखोली नकाशाशिवाय अशक्य आहे.

१०. महाविद्यालयांची भूमिका

मोठ्या जलाशयांचे सर्वेक्षण शासकीय यंत्रणा करतात. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रह-प्रतिमांच्या साहाय्याने जलाशयांतील गाळाचा अभ्यास करते. गावतलाव व पाझर तलाव मात्र बहुधा या कक्षेबाहेर राहतात. येथे महाविद्यालयांना मोलाचे काम करता येईल.

त्यासाठी फार साधनांची गरज नाही. गाठी मारून मीटर व दशांश मीटरच्या खुणा केलेली, खाली शिशाचे वजन बांधलेली दोरी, स्थाननिश्चिती करणारा भ्रमणध्वनी, स्थानिक मच्छीमाराची होडी आणि सांडव्याच्या माथ्यावर कायम केलेली संदर्भखूण एवढे पुरेसे आहे. भूगोल विभागाने नकाशा, गणित विभागाने घनफळ, पदार्थविज्ञान विभागाने मापनातील त्रुटी, तर वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी काठावरील जीवसृष्टी अशी विभागणी केल्यास हा आंतरविद्याशाखीय प्रकल्प ठरतो. होडीत बसणाऱ्या प्रत्येकास जीवरक्षक जाकीट अनिवार्य असावे आणि वारा असताना मोजणी टाळावी. संदर्भखूण मात्र पक्की असावी. तीच हरवली तर पाच वर्षांनंतरच्या मोजणीची आजच्या मोजणीशी तुलना करता येणार नाही.

अशा नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली आणि तिच्याशेजारी पातळी व साठा यांचा छोटा तक्ता टांगला गेला, तर उन्हाळ्यापूर्वी पिण्यासाठी किती राखावे आणि पिकास किती द्यावे, याचा निर्णय ग्रामसभेस आकड्यांच्या आधारे घेता येईल.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) जलाशयाचा साठा हा पातळी व तळ यांवरून काढलेला निष्कर्ष असतो. तळाचा नकाशा जुना झाल्यास अचूक वाचलेली पातळीही चुकीचा साठा सांगते.

(२) नाथसागरासारख्या विस्तीर्ण व उथळ जलाशयात काही सेंटिमीटरची चूकही टीएमसीच्या प्रमाणात उमटते. म्हणून तेथे नियतकालिक खोलीमापन अपरिहार्य आहे.

(३) उपग्रह-प्रतिमा व होडीवरील ध्वनिमापन या पद्धती परस्परांना पूरक आहेत. मृतसाठ्याच्या ज्ञानासाठी दुसरीला पर्याय नाही.

(४) टक्केवारीवर आधारलेल्या समन्यायी वाटपात उपखोऱ्यातील सर्व जलाशयांचे मापन समान पद्धतीने होणे व त्याचे निष्कर्ष खुले असणे, ही न्याय्यतेची पूर्वअट आहे.

(५) गाळ काढणे, रोखणे किंवा अधिवास म्हणून राहू देणे, यांपैकी काय करावे हे जलाशयाच्या आकारमानावर व कार्यावर अवलंबून असते, आणि त्याचा निर्णय नकाशावरच घेता येतो.

(६) लहान तलावांच्या बाबतीत महाविद्यालये अल्प खर्चात विश्वसनीय नकाशे तयार करून स्थानिक नियोजनास हातभार लावू शकतात.

पाण्यावरून होणारे बहुतेक वाद पाणी अपुरे असल्यामुळे होतात, हे खरे आहे. तथापि त्यांतील काही वाद पाणी नेमके किती आहे, याविषयीच्या अविश्वासातून वाढतात. पाऊस वाढवणे माणसाच्या हाती नाही. हा अविश्वास कमी करणे मात्र आहे, आणि त्याची सुरुवात तळ मोजण्यापासून होते.